शाळेत समुपदेशक नेमायचे आहेत, पण नेमकं काय मागायचं?

वारजे_पालक

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. कर्वेनगरच्या बाजूची अनुदानित मराठी शाळा, सेमी इंग्रजी. यंदा मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीवर आहे, म्हणजे गॅदरिंगला खुर्च्या मोजणारा. पण या वेळी जरा वेगळं काम गळ्यात पडलंय.

माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने शाळेला देणगी दिली आणि अट घातली की पैसा मुलांच्या मानसिक आरोग्यावरच खर्च करायचा. संगणक, रंगकाम, प्रवेशद्वाराची कमान, काही म्हणजे काही नको. संस्थेचे कार्यवाह तयार आहेत. आता पुढ्यात तीन प्रस्ताव आहेत.

पहिला एका कंपनीचा. प्रत्येक मुलाची ऑनलाइन चाचणी, रंगीत रिपोर्ट, पालकांना अ‍ॅप आणि हॉलमध्ये दोन व्याख्यानं. प्रेझेंटेशन इतकं चकचकीत होतं की कार्यकारिणीतले निम्मे लोक तिथेच हो म्हणाले. दुसरा, आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक बोलावायचे. तिसरा मुख्याध्यापकांचा: शिक्षकांनाच प्रशिक्षण द्या, मुलं बाहेरच्या माणसाशी बोलत नाहीत, आणि खर्चही कमी.

माझी अडचण अशी, की काही वर्षांपूर्वी शाळेत एक समुपदेशक येत असत. त्यांना मुख्याध्यापकांच्या केबिनशेजारी टेबल दिलं होतं. कोणी फिरकेना. मग बाई नुसत्या बसून असतात म्हणून त्यांना बदली तासाला पाठवायला सुरुवात झाली आणि वर्षअखेरीस त्या सोडून गेल्या. तेच परत व्हायला नको.

शाळा दोन अधिवेशनांत भरते, मुलं चौदाशेच्या आसपास. रिकामी खोली नाही. आणि कोर्टाने आता समुपदेशक सक्तीचे केलेत असं कार्यवाहांच्या कानावर आलंय, ते खरं का? शनिवारी मीटिंग आहे. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा.

जुना_सदाशिवपेठी

आम्ही छड्या खाल्ल्या, अंगठे धरून उभे राहिलो, घरी सांगितलं तर वडिलांकडून आणखी दोन. कुठल्या समुपदेशकाकडे गेलो नाही. मोबाईल काढून घ्या आणि रोज संध्याकाळी मैदानावर सोडा. देणगीतून मैदानाला कुंपण घाला हवं तर.

खोली_नंबर_नऊ

मी पुण्यातल्या तीन शाळांत वार वाटून समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

आधी कोर्टाचं. खरं आहे. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे मुला-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे नंबर वर्गात ठळक दिसतील असे. आणि एक गोष्ट आपल्या मराठी शाळांना झोंबेल अशी: गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं शक्यतो टाळा. ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडीला कोणते सर जायचे यावरून स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. एक पैसा खर्च न करता मुलांचं भलं करायचं असेल तर तुमच्या शाळेने तिथून सुरुवात करावी.

आता कंपनीचा प्रस्ताव. चौदाशे मुलांची चाचणी म्हणजे चौदाशे रिपोर्ट. त्यात एखाद्या मुलाने ‘जगावंसं वाटत नाही’ या वाक्यापुढे ‘नेहमी’वर टिक केली, तर तो रिपोर्ट त्याच दिवशी कोण वाचणार? संध्याकाळच्या आत त्या मुलाशी कोण बोलणार? प्रेझेंटेशन देणाऱ्याला एवढंच विचारा. उत्तर ‘अ‍ॅपवर अलर्ट येतो’ असं आलं तर चहा पाजून वाटेला लावा. ज्या प्रश्नाच्या उत्तराची जबाबदारी घेणारं माणूस शाळेत नाही, तो प्रश्न मुलाला विचारूच नये.

मुख्याध्यापकांचा मुद्दा वरवर पटतो. पण बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत हाच प्रयोग नीट मोजून केला गेला, निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला, काही शाळांत खास त्यासाठी नेमलेल्या माणसाने. हा माणूस मानसशास्त्राचा तज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा स्थानिक माणूस. जिथे तो होता तिथे वर्षभरात नैराश्याची लक्षणं, दादागिरी, मारामाऱ्या कमी झाल्या, शाळेतलं वातावरण सुधारलं. जिथे शिक्षकांवर सोपवलं तिथे काही फरकच नाही. शिक्षक वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांच्या मागे पोर्शन, पेपर तपासणी, निवडणुकीची कामं, आणि शिवाय मुलाला कळतं की ज्याच्याजवळ मन मोकळं करायचं तोच माणूस उद्या तोंडी परीक्षेचे गुण देणार आहे.

म्हणून समुपदेशकच नेमा. पण नेमणूक हा सोपा भाग. तुमच्या आधीच्या बाईंचं जे झालं ते टेबलामुळे झालं, असं माझं मत आहे. मूल तिथवर पोचतं कसं आणि त्याला जाताना कोण पाहतं, यावर सगळं अवलंबून असतं.

डोळ्यांसमोर आणा. सातवी ब, साठ मुलं, भूगोलाचा तास. शिपाईमामा दारात येऊन खणखणीत आवाजात नाव घेतात, ‘समुपदेशक बाईंनी बोलावलंय’. साठ माना वळतात. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलीचं नाव पडलेलं असतं. ती पुन्हा जन्मात येणार नाही, आणि ते पाहणारी बाकीची एकोणसाठही नाहीत.

मी काय करते ते सांगते. जूनमध्ये पाचवीपासून नववीपर्यंत प्रत्येक वर्गातली सगळी मुलं पाच-पाचच्या गटाने हजेरी क्रमांकानुसार माझ्या खोलीत येऊन जातात. दहा मिनिटं, गप्पा, एखादा खेळ, झालं. त्यामुळे खोली सगळ्यांनी पाहिलेली असते आणि तिथे गेलेलं असणं यात विशेष काही उरत नाही. नंतर बोलावताना जी पिवळी चिठ्ठी वाचनालयाच्या दंडासाठी जाते तीच माझीही जाते. वर फक्त नाव आणि ‘कार्यालय’. मुलांनी आपणहून यायचं तर मधल्या सुट्टीत, आणि त्या वेळात मी दारात उभी असते, आत बसून वाट बघत नाही. तास कोणता घ्यायचा तेही बघावं लागतं. गणिताचा बुडवला तर सर चिडतात आणि मुलाचं ओझं वाढतं. पीटी किंवा चित्रकला तर कधीच घेऊ नका, कित्येक मुलं आठवडाभर शाळेत येतात ती त्या एका तासासाठी.

खोली मुख्याध्यापकांच्या केबिनपासून लांब हवी. माझी एका शाळेतली खोली पूर्वी अडगळीची होती. नकाशे, भाता फाटलेली हार्मोनियम, गणपतीचं मखर. मखर अजून आहे, मुलं त्यावरून बोलायला सुरुवात करतात. दाराला काचेची पट्टी असू द्या: बाहेरून दिसावं, ऐकू येऊ नये. ही दोघांच्याही सुरक्षिततेची गोष्ट आहे. रिकामी खोली नाही असं प्रत्येक शाळा म्हणते. वाचनालयाच्या मागे काय आहे ते एकदा कुलूप काढून बघा.

एक पेटी लावा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. नालंदाच्या प्रयोगातही अशी पेटी होती. पहिल्या महिन्यात तुम्हाला कुठलंही खोल दुःख सापडणार नाही. निघेल ते मुलींच्या संडासाची कडी तुटलीय, व्हॅनवाले काका शेवटच्या सीटवर पाच जणी बसवतात, अमुक सर आडनावावरून बोलतात. समिती बसवू नका. सुताराला बोलावून दुसऱ्या दिवशी कडी लावून घ्या. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत त्या कडीपायी, डोकं दुखतं म्हणून घरी जातात आणि शाळा म्हणते अभ्यास टाळतेय. कडी लागली की पुढच्या महिन्यातल्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. मोठ्यांनी एक शब्द पाळला हे त्यांनी पाहिलेलं असतं.

सदाशिवपेठी काका, मैदानाबद्दल शंभर टक्के सहमत. छड्यांबद्दल नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे आणि राज्यांत आपला पहिला नंबर आहे. तुमच्या वेळचे जे सोसू शकले नाहीत ते आज हे लिहायला इथे नाहीत, इतकंच.

वारजे_पालक

फार उपयोगी, ताई. दोन शंका. मुलाने जे सांगितलं ते वर्गशिक्षकांना आणि आम्हा पालकांना किती कळणार? कार्यकारिणीत पहिला आक्षेप हाच येईल, ‘आमच्या मुलांचं आम्हालाच कळणार नाही का’. आणि समुपदेशकाच्या आवाक्याबाहेरचं निघालं तर पाठवायचं कुठे? खासगी डॉक्टरांची फी सगळ्यांना झेपणारी नाही.

मनपा_शाळेतल्या_बाई

ताईंचं बरंचसं पटलं. पण शिक्षकांच्या प्रशिक्षणाला एका परिच्छेदात निकालात काढलंत, ते नाही पटलं.

मी शहराच्या पूर्व भागात महापालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे समुपदेशक ही चीज मी परिपत्रकातच पाहिली आहे. २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तिच्या फलकावर सगळ्यांची नावं आहेत, बैठकीचं इतिवृत्तही असतं. एवढंच सांगते, जास्त बोलायला लावू नका.

माझ्या वर्गातली मुलं सेंटरिंगवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, काही मराठवाड्यातून आजीबरोबर आलेली, आई-बाप ऊसतोडीला. त्यांचं बिघडलेलं कोण पाहतं? मीच. गेल्या वर्षी एक मुलगा खिचडीच्या रांगेत उभा राहायचा, ताट घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून सगळं लहान भावाच्या डब्यात भरायचा. स्वतः काही खायचा नाही. कुठल्याही चाचणीत हे येणार नाही. मी रोज वाढायला उभी असते म्हणून दिसलं. घरी काय चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा लागला.

तेव्हा शिक्षकाने समुपदेशन करावं असं मी म्हणत नाही, ते आम्हाला जमणारही नाही. पण काय बघायचं, कधी पुढे पाठवायचं आणि काय बोलायचं नाही, एवढं शिकवा. ‘रडतोस काय मुलीसारखा’ हे वाक्य जरी शाळेतून हद्दपार झालं तरी प्रशिक्षणाचे पैसे वसूल. आणि प्रशिक्षण दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन ठेवू नका, कॅमेरा बंद करून सगळे फराळ करतात.

आणखी एक. पालकांना सकाळी अकराला भेटायला बोलावू नका. त्यांचा दिवसाचा रोज बुडतो, मग ते येत नाहीत आणि शाळा लिहिते ‘पालक उदासीन’. मी संध्याकाळी सातनंतर वस्तीत जाते. तुमच्या समुपदेशकांच्या करारात दोन संध्याकाळी घाला.

बारावी_पीसीबी

मी विद्यार्थी आहे, पालकांचा धागा आहे पण लिहितो. दहावीपर्यंत आमच्या शाळेत एक दादा यायचे, त्यांच्याशी बोलता यायचं. अकरावीपासून इंटिग्रेटेडला आहे. म्हणजे कॉलेज कागदावर, दिवसभर क्लास. तिथे माहितीपत्रकात समुपदेशकांचा फोटो आहे. प्रत्यक्षात दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी सगळ्यांची रँक पालकांच्या ग्रुपवर. माझी रँक मला कळायच्या आधी मामाला कळते.

शाळेतल्या मुलांसाठी एवढं करताय ते चांगलंच, पण खरी वाट लागते ती दहावीच्या निकालानंतर आणि तेव्हा आम्ही कोणाचेच नसतो. जुन्या शाळेत परत जाऊन बोलता येईल अशी सोय ठेवा ना. मी एकदा टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला होता, मराठी निवडता येतं. ज्या बोलल्या त्यांनी उपदेश केला नाही. झोप कशी आहे, जेवतोस का, आत्ता घरात कोण आहे, असं विचारत गेल्या. बरं वाटलं.

खोली_नंबर_नऊ

बारावी_पीसीबी, बरं केलंस लिहिलंस. तो निकाल क्लासेसनाही लागू आहे आणि चारचौघांत असं लाजवणं टाळा हेही त्यात आहे, हे घरी आई-बाबांना वाचून दाखव. माजी विद्यार्थ्यांची सूचना मी माझ्या शाळांत मांडते. देणगी माजी विद्यार्थ्यांचीच आहे तर वारजेकरांनी ही अट घालूनच घ्यावी. टेलिमानसचा नंबर बाकीच्यांसाठी लिहिते: १४४१६, चोवीस तास, फुकट.

मनपातल्या बाई, मान्य. मला म्हणायचं होतं की शिक्षकांवर सोपवून हात झटकू नका. ओळखणार तुम्हीच.

आता वारजेकरांच्या शंका. शिक्षकांना मी काय झालं ते सांगत नाही, काय करायचं ते सांगते. ‘दोन आठवडे तिला फळ्यासमोर उभं करू नका’, ‘डबा खाताना त्याच्या बाकावर कोणाला तरी बसवा’. स्टाफरूममध्ये ‘काय म्हणाली हो ती?’ असं विचारलं जातंच, हसून चहा प्यायचा. पालकांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच संमतिपत्र घ्या आणि त्यात स्पष्ट लिहा की जिवाला धोका असेल तर तुम्हाला लगेच कळवू, एरवी मुलाशी ठरवून कळवू. मुलालाही पहिल्याच भेटीत हे सांगायचं, नंतर नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची गोष्ट कळली तर पॉक्सो या बालसंरक्षण कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे मुख्याध्यापकांची परवानगी, संस्थेची अब्रू वगैरे काही मधे येत नाही. कार्यवाहांना हे आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितलं की आवाज चढतात.

पाठवायचं कुठे? ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खर्च आवाक्यातला. पालकांना मात्र ‘मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या’ एवढंच म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर थेट येरवड्याचं मनोरुग्णालय उभं राहतं. नुसती चिठ्ठी हातात दिली तर दहातले थोडेच पोचतात. पहिल्या वेळी समुपदेशकाने किंवा कोणी ओळखीच्या शिक्षकाने सोबत जावं. केस पेपर कुठे काढायचा, कोणत्या मजल्यावर जायचं, यातच माणसं खचतात. देणगीतून रिक्षाभाड्याची तरतूद करा. हसू नका, या पैशाचा इतका चांगला उपयोग दुसरा नसेल.

आणि प्रत्येक ‘लक्ष नाही’, ‘आळशी’, ‘उर्मट’ हे मनाचंच दुखणं असेल असंही नाही. आठवीत माझ्याकडे मारामारी करतो म्हणून पाठवलेली कितीतरी मुलं धड वाचू शकत नसतात. उभं राहून धडा वाचायची वेळ येणार असं दिसलं की शेजारच्याला चिमटा काढायचा, म्हणजे वर्गाबाहेर सुटका. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. ससूनला तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं, त्यावर दहावीला बोर्डाच्या सवलती मिळतात, जादा वेळसुद्धा. पण हे नववीच्या शेवटी धावपळ करत नको, पाचवी-सहावीतच बघा. चष्मा आणि कान आधी तपासून घ्या.

मुलाखतीत पदव्यांबरोबर दोन गोष्टी विचारा. ‘आईला सांगू नका’ असं मूल म्हणालं तर काय कराल? आणि तुमच्या कामावर देखरेख कोणाची आहे, अडलात तर कोणाला विचारता? समुपदेशक अशी पाटी आज कोणीही लावू शकतं. दुसऱ्या प्रश्नावर जो गोंधळतो त्याला नको घेऊ.

वारजे_पालक

मनापासून आभार सगळ्यांचे. वाचनालयामागची खोली आज बघून आलो, खरंच आहे. आत जुने बाक आणि विज्ञान प्रदर्शनाचे थर्माकोलचे ज्वालामुखी. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, दोन दिवसांत रिकामी करून देते. आता शेवटचं. नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार? कार्यवाह म्हणतात शाळेच्या कपाटात, कारण पगार शाळा देते.

खोली_नंबर_नऊ

कपाट शाळेचं, किल्ली समुपदेशकाची. कार्यालयात फक्त महिन्याचा आकडा जावा: किती मुलं आली, कोणत्या इयत्तांतली, किती पुढे पाठवली. नावं नाहीत. प्रगतिपुस्तकावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दुसऱ्या शाळेला जाणाऱ्या कागदांत यातलं एक अक्षर जाता कामा नये. समुपदेशक सोडून गेले तर नोंदी पुढच्या समुपदेशकांकडे सहीनिशी जातील, तोवर कपाट सीलबंद. आणि बदली तास, पेपरांवर देखरेख, गॅदरिंगचं सूत्रसंचालन ही कामं देणार नाही, हेही त्याच करारात येऊ द्या. तोंडी ठरलेलं पहिल्या चाचणी परीक्षेपर्यंत टिकतं.